पार्सलाचा विमा आणि माणसाची इजा
(कुंडम, जिल्हा जबलपूर येथे भरलेल्या मराठी वाचकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या वाचक-मंडळाने या वर्षीचा मेळावा जबलपूर शहर सोडून येथे कुंडमला भरविला, त्यामागे हिरन नदीचा उगम पाहावा आणि दोन घटका मोकळ्या हवेत बसावे एवढाच हेतू असणार. माझ्या दृष्टीने मात्र ही निवड फार सोयीची झाली. सकाळी आपली बस दिंडोरीच्या रस्त्याने येत असता आपल्याला मागे टाकून तीन मोटारसायकली गेल्या. प्रत्येक स्वाराच्या पाठीवर त्याच्या डोक्यापेक्षा उंच अशी चौकोनी थैली होती, आणि एकाने तर पुढे टाकीवर आणखी एक खोके दोन्ही गुडघ्यांत दाबून धरले होते. बसमध्ये कोणीतरी म्हणाले, "हा आता वळणावर पडणार." तो पडला नाही. पुढे आपण चहाला थांबलो आणि विषय तेथेच संपला.

मला आज दिलेला विषय 'अनुवादकाच्या अडचणी' असा आहे. गेले वर्षभर मी कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेवरील एका इंग्रजी पुस्तकाचा मराठी अनुवाद करीत आहे. खाणी, गिरण्या, रसायनांचे कारखाने यांवरील प्रकरणे फारशी अडली नाहीत. त्या विषयांची मराठी परिभाषा गेल्या शंभर वर्षांत कामगारांनी, वकिलांनी आणि वृत्तपत्रांनी घडवून ठेवलेली आहे. अडले ते एकच प्रकरण, पार्सलांची वर्गवारी आणि बटवडा करणाऱ्यांविषयीचे. शब्दकोश उघडून ती अडचण सुटेना, म्हणून मी त्या धंद्याकडे पाहू लागले. तेव्हा आज मी अनुवादकाच्या अनेक अडचणींविषयी न बोलता या एकाच अडचणीविषयी बोलणार आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांत टपाल, तार, रेल्वे किंवा गन कॅरेज फॅक्टरी यांतील नोकरीची परंपरा आहे. माझे काही चुकले तर ते आपल्याला माझ्याआधी कळेल.

टपालाचा आणि या मुलखाचा संबंध जुना आहे. १७९८ ते १८१७ या काळात जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होते. मराठी दफ्तरांतील पत्रांत 'जासूदजोडी' हा शब्द वारंवार भेटतो. पत्र घेऊन एकटा जासूद न पाठविता दोघे पाठवावयाचे, ही ती पद्धत. वाटेत एकाला काही झाले तर दुसऱ्याने पत्र पोहोचवावे, असा त्यामागील व्यवहार असावा. पुढे इंग्रजी अमलात हरकारे आले. भाल्याला घुंगरू बांधलेला, खांद्यावर थैली टाकून पाच-सहा मैलांचा टप्पा धावणारा हा माणूस आपण चित्रांत पाहिलेला आहे. चित्रकारांना घुंगरांचे फार आकर्षण; वस्तुतः ते श्वापदांना आणि सापांना दूर सारण्यासाठी होते. धंद्यातील धोका ओळखून केलेली ती एक उपाययोजनाच म्हणावयाची, आणि आपल्याकडे बटवड्याच्या कामात सुरक्षेचे साधन म्हणून जे जे आले त्यांत तिचा क्रमांक बराच वर लागावा.

मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि अलाहाबादेकडून आलेला लोहमार्ग जबलपूर येथे जोडले गेले. विलायतेचे टपाल मुंबईला उतरून कलकत्त्यास जावयाचे ते त्यानंतर आपल्या स्टेशनातून जाऊ लागले. धावत्या गाडीत टपालाची वर्गवारी करण्याची कल्पना त्याआधीच, १८६३ मध्ये अलाहाबाद-कानपूर मार्गावर, अमलात आलेली होती. आपल्यापैकी वयाने वडील असलेल्यांनी तो लाल डबा पाहिला असेल. रात्रभर उभे राहावयाचे, हेलकावे खाणाऱ्या डब्यात एका हाताने तोल सांभाळावयाचा आणि दुसऱ्या हाताने शेकडो खणांपैकी नेमक्या खणात पत्र टाकावयाचे. मंद दिवा, थैल्यांची धूळ, लाखेचा वास. स्टेशन येण्यापूर्वी त्या गावची थैली बांधून तिच्यावर मोहर उठलेली असली पाहिजे. या कामाला 'बैठे काम' म्हणणारा मनुष्य त्या डब्यात कधी चढला नसावा.

आता एक जरा रूक्ष, परंतु माझ्या विषयाच्या गाभ्याची गोष्ट सांगते. १९२३ साली आपल्या देशात कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. काम करीत असताना अपघाताने इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व त्या कायद्याने येथे रुजविले. पण 'कामगार' कोण? सर्वच श्रमजीवींना तो शब्द लावण्याची सरकारची तयारी नव्हती. म्हणून कायद्याच्या शेवटी एक अनुसूची जोडली आणि कोणकोण कामगार समजले जातील त्यांची यादी दिली. ही यादी वाचण्यासारखी आहे. तिच्यात यंत्रावर काम करणारे आहेत, खाणीत उतरणारे आहेत, जहाजावर माल चढविणारे-उतरविणारे आहेत. आणि त्यांच्या पंक्तीला रेल्वे डाक सेवेतील निरीक्षक, टपाल-रक्षक, वर्गवारी करणारा सॉर्टर आणि डब्यातील शिपाई यांची स्पष्ट नावे आहेत. टपाल व तार खात्यात ज्यांचे काम सामान्यतः घराबाहेर करावयाचे असते त्यांचाही तिच्यात समावेश आहे. म्हणजे उन्हातान्हात फिरणारा पोस्टमन आणि खांबावर चढणारा लाईनमन दोघेही आत आले.

ही यादी करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव मला ठाऊक नाही. पण त्याने डब्यातील शिपायाला विसरून चालणार नाही असे मानले, याबद्दल मला त्याच्याविषयी आदर वाटतो. यादीत नाव असणे याचा अर्थ असा की, इजा झाल्यावर तुम्ही उपकार मागावयास जात नाही, हक्क मागावयास जाता. भरपाई नाकारण्याची कारणेही कायद्याने मोजकीच ठेवली. नशेत असणे, सुरक्षेसाठी दिलेला हुकूम जाणूनबुजून मोडणे, सुरक्षेचे साधन बुद्ध्या काढून टाकणे, एवढीच. आणि मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तर तीही लागू नाहीत. साधा निष्काळजीपणा त्या यादीत नाही. दिवसभर ओझी उचलणाऱ्या माणसाचे लक्ष केव्हातरी चुकणारच, हे कायद्याने गृहीत धरले आहे. आपण बसमध्ये "हा आता पडणार" म्हणतो तेव्हा मात्र दोष त्याचाच, असे आपण मनाशी ठरवून टाकलेले असते.

भरपाई कोणत्या अपघाताला? याविषयी कायद्यात एक प्रसिद्ध शब्दसंहती आहे. तिचे शब्दशः मराठी केले तर 'नोकरीतून उद्भवलेला आणि नोकरीच्या ओघात घडलेला अपघात' असे होते. अर्थ बरोबर आहे, पण हे मराठी कोणाच्या तोंडी बसणार नाही. मी आठ-पंधरा दिवस या एका ओळीवर अडून होते. अखेर आमच्या घरी येणाऱ्या भांडीवालीने शेजारच्या एका मनुष्याविषयी बोलताना सहज म्हटले, "कामापायी हात गेला त्याचा." मला शब्द मिळाला. 'कामापायी आणि कामावर असताना' असे मी लिहिले. कज्जेदलालांची पन्नास वर्षे ज्या दोन कल्पनांत गेली त्या दोन्ही या चार शब्दांत मावतात.

हे झाले कायद्याचे. प्रत्यक्ष धोके कोणते, ते आता पाहू.

पहिला धोका ओझ्याचा, आणि तो सर्वांत अधिक फसवा. वीस किलोचे खोके म्हणजे काय मोठेसे, असे आपल्याला वाटते. पण ते खोके जमिनीवरून, कमरेत वाकून, हात पुढे लांब करून उचलले तर त्याचा भार कमरेच्या मणक्यापासून साधारण अर्ध्या मीटरवर पडतो. तो तोलून धरणारे पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटर अंतरावर असतात. तराजूची एक दांडी दुसरीच्या दसपट लांब, म्हणून वीस किलोसाठी स्नायूंना सुमारे दोनशे किलोचा जोर लावावा लागतो. वाकलेल्या धडाचे वजन वेगळेच. हा सारा दाब मणक्यांमधील गादीवर येतो. तेच खोके पोटाशी धरले तर जोर निम्म्याहून कमी होतो. आपल्याकडील हमालाला हे गणित कोणी शिकविले नव्हते. तरी त्याने ओझे डोक्यावर किंवा पाठीवर, शरीराच्या मध्यरेषेजवळ, घेण्याची रीत शोधली आणि डोक्याखाली चुंबळ ठेवली. पुठ्ठ्याच्या खोक्याची रचनाच अशी की, ते डोक्यावर ठरत नाही, त्याला धरावयास कान नसतात, आणि आत काय व किती आहे हे उचलेपर्यंत कळत नाही. हलके समजून जोरात उचललेले जड खोके आणि जड समजून उचललेले हलके खोके, दोन्ही सारखीच दगा देणारी.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोवर आणावी असे सुचविले. त्या काळी आपल्या बाजारपेठांतून शंभर किलोचे पोते सर्रास पाठीवर चढत होते. पुढे अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षेच्या शासकीय संस्थेने १९९१ मध्ये एक सूत्र तयार केले. त्यात सर्व परिस्थिती आदर्श असली, म्हणजे ओझे शरीराजवळ आहे, कमरेच्या उंचीवर आहे, पिळवटावे लागत नाही, तरीही मर्यादा २३ किलो धरली आहे; आणि वाकणे, वळणे, दर मिनिटाला किती वेळा उचलणे यांचा हिशेब होऊन ती आणखी खाली येते. ५५ वरून २३ वर येण्यास चोवीस वर्षे लागली. या काळात माणसाची पाठ काही बदलली नव्हती. तिच्याविषयीचे ज्ञान वाढले.

येथे कायद्याची एक उणीव सांगितली पाहिजे. पाठ एका दिवसात जात नाही. अमुक तारखेला, अमुक वाजता अपघात झाला, असे हमालाला किंवा पार्सल उचलणाऱ्याला सहसा सांगता येत नाही. इंग्लंडमध्ये तारयंत्रावर बोटे चालवून ज्यांचे मनगट निकामी होई त्यांचा विकार १९०८ मध्ये भरपाईच्या यादीत घातला गेला. त्यापूर्वी तो तक्रारखोरांचा बहाणा मानला जाई. जबलपूरच्या तार-कारखान्याचे वारस येथे बसले आहेत, त्यांना ही गोष्ट विशेष वाटेल. ओझे उचलून झिजलेल्या कमरेला मात्र आपल्याकडे अजून तसे नाव मिळालेले नाही. औषधांच्या दुकानातील मलम एवढाच तिचा इलाज.

दुसरा धोका वेगाचा. मोठ्या गोदामांत सरकत्या पट्ट्यांवरून पार्सले येतात, आणि पट्टा जेथे रुळाखाली शिरतो त्या सांध्यात ओढणी, सैल बाही, मोकळे केस क्षणात ओढले जातात. यावर उपाय साधा आहे: सांध्यावर जाळी बसवावी आणि हाताच्या अंतरावर पट्टा थांबविणारी दोरी असावी. पण दोरी असून उपयोग काय, जर ती ओढली म्हणजे त्या पाळीची गणना घसरते आणि गणना घसरली म्हणजे माणूस बदलला जातो? जून २०२४ मध्ये हरयाणातील मानेसर येथील एका गोदामाविषयी वृत्तपत्रांत बातमी आली. सहा मालमोटारींतील पार्सले उतरवून होईपर्यंत पाणी पिण्यास वा शौचास जाणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यावयास लावली, असे त्या बातमीत म्हटले होते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तिची आपण होऊन दखल घेतली. ते दिवस उत्तर भारतातील तीव्र उष्म्याचे होते. बंद मालमोटारीच्या पत्र्याखाली मे-जूनमध्ये किती तापते हे जबलपूरकरांना सांगावयास नको. अशा ठिकाणी पाणी न पिता काम करणे हा शिस्तीचा प्रश्न उरत नाही. उष्माघाताला दिलेले ते निमंत्रण असते. शिवाय लघवी रोखून धरण्याचे परिणाम स्त्रियांना अधिक भोगावे लागतात, आणि वर्गवारीच्या कामावर स्त्रिया आता पुष्कळ आहेत.

तिसरा धोका पार्सलाच्या आत असतो. याविषयी एक घटना सविस्तर सांगावी असे वाटते. ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्स या रोगाचे बीजाणू भुकटीच्या रूपात पाकिटांत घालून काही जणांना पाठविण्यात आले. त्यांपैकी एक पाकीट १५ ऑक्टोबर रोजी वॉशिंग्टन येथे एका सिनेटरच्या कार्यालयात उघडले गेले. कार्यालयातील लोकांची तत्काळ तपासणी झाली, त्यांना औषधे देण्यात आली. परंतु ते पाकीट तेथे पोहोचण्यापूर्वी शहरातील ब्रेंटवूड येथील टपाल-वर्गवारी केंद्रातून गेले होते. पाकीट बंद होते, म्हणजे त्यातून काही बाहेर पडणार नाही, असे अधिकाऱ्यांनी धरून चालले. वस्तुतः वर्गवारीची वेगवान यंत्रे पाकिटाला दाबून पुढे ढकलतात. त्या दाबाने कागदाच्या छिद्रांतून भुकटी हवेत उडाली होती. केंद्र २१ ऑक्टोबरला बंद करण्यात आले. त्याच दिवशी थॉमस मॉरिस आणि दुसऱ्या दिवशी जोसेफ कर्सीन, असे तेथील दोन कर्मचारी मरण पावले. पुढील वर्षी त्या इमारतीला त्या दोघांची नावे देण्यात आली.

मला या घटनेत विष पाठविणाऱ्यापेक्षा त्या सहा दिवसांचा विचार अधिक करावासा वाटतो. त्या सहा दिवसांत कोणी दुष्टपणा केला असे नाही. पाकीट कोणाकडे गेले याचा विचार झाला. कोणाच्या हातांतून गेले याचा झाला नाही. टपाल जणू आपोआप पोहोचते अशी आपली सर्वांचीच समजूत असते.

चौथा धोका रस्त्याचा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि त्यांत शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरील होती. अहवालात वाहनाच्या प्रकाराप्रमाणे, रस्त्याच्या प्रकाराप्रमाणे, वयाप्रमाणे वर्गवारी आहे. मेलेला दुचाकीस्वार त्या वेळी कामावर होता काय, पाठीवर कोणाचे पार्सल होते काय, याचा रकाना तिच्यात नाही.

आता महाराष्ट्राकडे वळू. कारण ज्या माणसाला एक मालक नाही, जो आज या दुकानाचा माल उचलतो आणि उद्या त्या दुकानाचा, त्याच्या इजेचा जाब कोणाला विचारावयाचा, या प्रश्नाला आपल्या देशात पहिले भरीव उत्तर तेथे मिळाले. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांची आणि पुण्यात बाबा आढाव यांनी हमालांची संघटना बांधली. त्या चळवळीतून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. अनुवादक या नात्याने मला या कायद्याचे नावच फार आवडते. त्याच्या इंग्रजी पाठातही 'माथाडी' आणि 'हमाल' हे शब्द तसेच ठेवावे लागले. माथ्यावर ओझे घेणारा तो माथाडी. त्याला इंग्रजीत शब्द नव्हता, म्हणून कायद्याला मराठी शिकावे लागले.

या कायद्याची रचना थोडक्यात अशी. कामगार, मालक आणि शासन यांच्या प्रतिनिधींचे एक मंडळ असते. कामगाराची नोंद मंडळाकडे, मालकाचीही नोंद मंडळाकडे. मालक मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही मंडळाकडे भरतो. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजेचा पगार, औषधोपचार इत्यादी चालते. आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या असंरक्षित कामगारांना १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा लागू केला गेला. मालक कोण हे ठरत नाही म्हणून इजा बेवारशी राहणार नाही, अशी तजवीज झाली. या मंडळांच्या कारभाराविषयी तक्रारी पुष्कळ आहेत. बनावट माथाडींच्या नावाने होणाऱ्या वसुलीविषयी व्यापारी बोलतात आणि ते सगळेच खोटे नाही. तरी कल्पना भक्कम होती, याचा पुरावा असा की, जुलै २०२३ मध्ये राजस्थानने मोबाइलच्या अॅपवरून काम मिळणाऱ्यांसाठी जो कायदा केला, त्यातही मंडळ, नोंदणी आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क, हाच साचा आहे. चुंबळ डोक्यावरची गेली आणि थैली पाठीवरची आली, हिशेब तोच.

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली संमत झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. १९२३ चा कायदा तिच्यात विलीन झाला. अॅपवर काम करणाऱ्यांना तिने प्रथमच एक नाव दिले, त्यांच्यासाठी अपघात-विमा इत्यादी योजना करता येतील असे म्हटले, आणि कंपन्यांनी उलाढालीचा शेकडा एक ते दोन इतका भाग निधीत द्यावा असे ठरविले. हे पाऊल लहान नाही. पण 'योजना' आणि 'हक्क' हे दोन शब्द मराठीतही एक नाहीत. संहितेत नोकराच्या अपघात-भरपाईचे प्रकरण वेगळे आहे आणि या लोकांचे प्रकरण वेगळे.

आणि आता माझ्या अडचणीवर येते. इंग्रजी पुस्तकात या माणसासाठी जो शब्द आहे तो 'पार्टनर'. कंपन्या तोच वापरतात. हिंदीत, मराठीतही तोच चालतो, 'डिलिव्हरी पार्टनर'. कोशाप्रमाणे मी 'भागीदार' लिहावयास हवे. पण मराठीत भागीदार म्हणजे ज्याचा नफ्यात वाटा आहे आणि दुकानाच्या पाटीवर ज्याचे नाव असू शकते तो.

गेल्या खेपेस मी कुंडमला आले होते, तेव्हा येथून काही अंतरावरच्या एका गावचा तरुण भेटला. त्याचे नाव सांगत नाही, आणि तो ज्या कंपनीची पार्सले नेई तिचेही नाही. पावसाळ्यात, इकडे ज्याला रपटा म्हणतात त्या पाण्याखाली जाणाऱ्या बुटक्या पुलावर, शेवाळावरून त्याची गाडी घसरली आणि हासळीचे हाड मोडले. थैलीत अकरा पार्सले होती. त्याने मला मोबाइलवरचा तो तक्ता दाखविला, जो त्याने त्या दिवशी रस्त्याच्या कडेला बसून, एका हाताने भरला होता. पार्सल सुस्थितीत आहे, भिजले आहे, फुटले आहे, हरवले आहे. यांपैकी एकावर खूण करावयाची. माणसासाठी खण नव्हता. "दीदी, मैंने 'सुस्थिती' दबा दिया," तो म्हणाला, आणि हसला. पार्सलांपैकी एकात महागडा फोन होता, त्याचा विमा होता. संध्याकाळी त्याच्या धाकट्या भावाने ती अकराही पार्सले घरोघर पोहोचविली, कारण न पोहोचविली तर थोरल्याची नोंद खालावली असती आणि पुढील महिन्यात काम कमी मिळाले असते. प्लास्टरचा खर्च घरातील बकऱ्या विकून निघाला.

मी त्याला विचारले, कंपनीने तुला काय म्हणून ठेवले आहे? तो म्हणाला, पार्टनर. मी विचारले, गावात तुला काय म्हणतात? तो म्हणाला, "पार्सलवाला."

टपाल खात्यातही असाच एक शब्द पुष्कळ वर्षे होता. खेड्यातील टपाल वाटणाऱ्यांना 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल' म्हणत. म्हणजे खात्याचे काम करणारे, पण खात्याबाहेरचे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये राजम्मा यांच्या प्रकरणात, ही माणसे नागरी पदे धारण करतात असा निर्णय दिला. २००१ पासून त्यांना ग्रामीण डाक सेवक म्हणतात. नियमित कर्मचाऱ्यांशी त्यांची बरोबरी अजून झालेली नाही. परंतु 'बाहेरचे' हा शब्द तरी गेला.

माझ्या अनुवादाच्या हस्तलिखितात त्या प्रकरणात 'पार्टनर' एकूण एकोणचाळीस ठिकाणी आहे. 'भागीदार' मी एकाही ठिकाणी लिहिले नाही. 'वाहक' लिहून पाहिले, तो बसमधला वाटला. 'हमाल' लिहावे असे फार मनात होते, पण मोटारसायकलवरचा मुलगा स्वतःला हमाल म्हणवून घेणार नाही, आणि त्याच्या मनाविरुद्ध त्याचे नाव ठेवण्याचा मला अधिकार नाही. शेवटी 'बटवडा-कामगार' असे लिहिले. संपादकांनी पहिल्या ठिकाणी त्याखाली रेघ ओढून समासात प्रश्नचिन्ह काढले आहे आणि 'मूळ शब्दाचा अर्थ बदलतो' असा शेरा दिला आहे. शेरा बरोबर आहे. मुद्रिते पुढच्या आठवड्यात परत पाठवावयाची आहेत. मी त्यासमोर 'असू द्यावे' असे लिहिले आहे.